ठिपकेदार तरसांच्या कळपात आईचा शब्द का चालतो?

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर राहणाऱ्यांना तरस काही नवं नाही. रात्री उशिरा गाडीच्या उजेडात एखादं पट्टेरी अंगाचं, मानेवर आयाळ असलेलं, मागच्या बाजूला उतरत गेलेलं जनावर रस्ता ओलांडून जातं. ते बहुतेक एकटंच दिसतं. माणसाला बुजतं. गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर किंवा पोल्ट्रीतून फेकलेल्या कोंबड्या यांवर त्याचं बरंचसं भागतं. हे पट्टेरी तरस. टीव्हीवर आफ्रिकेतलं ठिपकेदार तरस दिसलं की आपण हीच ओळख त्याला चिकटवून टाकतो: एकलकोंडं, भित्रं, दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारं.

ठिपकेदार तरसाला यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. ते कळपात राहतं आणि हे कळप कधी कधी शंभराच्या वर जातात. खाण्यातला मोठा वाटा ते स्वतः शिकार करून मिळवतं. कळपात सर्वांत वरची जागा मादीची असते आणि तिच्या शरीराची घडण इतकी वेगळी, की शेकडो वर्षं लोकांना तरसात नर कोणता आणि मादी कोणती हेच ओळखता आलं नाही. या गोष्टी सहसा सुट्या सुट्या नवलाईसारख्या सांगितल्या जातात. मला त्या तशा वाटत नाहीत. हाडं फोडणारा जबडा, आईकडून मिळणारा मान, पिल्लांची भांडणं, रात्रीचं ते ‘हसणं’ या सगळ्याच्या मुळाशी मेलेल्या जनावराभोवती जमणारी गर्दी आहे. ती गर्दी समजून घेतली की बाकीचं बरंच उलगडतं.

आधी नातीगोती थोडक्यात. तरसाचा चेहरा पाहून त्याला कुत्र्याच्या गणगोतात बसवायचा मोह होतो, पण ते मांजरांच्या बाजूचं आहे. मांसाहारी प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत कुत्री, लांडगे आणि अस्वलं येतात; दुसरीत मांजरं, मुंगुसं, उदमांजरं आणि तरसं. म्हणजे शेताच्या बांधावरून पळणारं मुंगूस हे लांडग्यापेक्षा तरसाचं जवळचं नातेवाईक. आज तरसांच्या चारच जाती उरल्या आहेत: ठिपकेदार, पट्टेरी, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कोरड्या प्रदेशातलं तपकिरी, आणि मुख्यतः वाळवी चाटून पोट भरणारं आर्डवुल्फ. एवढ्या लहान कुटुंबात वाळवी खाणाऱ्यापासून झेब्रा पाडणाऱ्यापर्यंत सगळे आहेत.

शिकार कोणाची, नाव कोणाचं

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानातली पूर्ण वाढलेली ठिपकेदार मादी साधारण ५५ किलोची भरते. नर तिच्याहून थोडा हलका असतो. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती. मान आणि खांदे मात्र जाडजूड, कारण मोठ्या जनावराचा तुकडा तोंडात धरून पळायची ताकद तिथूनच येते. चाल बेढब वाटते, पण या अंगात मोठं हृदय आहे. शरीराच्या वजनाच्या जवळजवळ १ टक्का भरणारं हे हृदय त्या मानाने सिंहाच्या जवळपास दुप्पट आहे. सिंह दबा धरून थोड्या अंतरात काम उरकतो. तरस दमवून मारतं. ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगाने ते कित्येक किलोमीटर पाठलाग करू शकतं.

हे जगाला नीट कळलं ते १९६० च्या दशकात. हान्स क्रूक नावाचे डच जीवशास्त्रज्ञ टांझानियात सेरेंगेटी आणि गोरोंगोरोच्या विवरात रात्रीच्या रात्री तरसांच्या मागे फिरले. तोवर सगळे सकाळी जे दिसायचं त्यावरून निष्कर्ष काढत होते. सकाळी सिंह मेलेल्या झेब्र्यावर बसलेला असायचा आणि तरसं बाजूला ताटकळत उभी असायची. मग सिंहाने मारलं आणि तरसं उष्ट्याची वाट पाहताहेत, असं समजण्यात चूक ती काय? क्रूक यांनी चांदण्यात पाहिलं ते वेगळंच होतं. झेब्रा पाडलेला असायचा तरसांनी. त्यांचा आरडाओरडा ऐकून सिंह यायचा आणि त्यांना हाकलून खायला बसायचा. गोरोंगोरोत हे सर्रास चाले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तशातला प्रकार.

त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. वाइल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी कुरंगाच्या मागे बहुधा एखादं तरस एकटंच लागतं आणि बाकीचे नंतर येऊन मिळतात. झेब्र्याचं तसं नाही. झेब्र्याचा नर आपल्या माद्यांसाठी उलटून लाथा मारतो, चावतो. म्हणून झेब्र्यावर जायचं असेल तर दहा-बारा तरसं आधीच एकत्र जमतात आणि वाटेत वाइल्डबीस्टचा कळप लागला तरी त्यातून सरळ निघून जातात. कुठल्या शिकारीला किती जण लागतील हे निघायच्या आधी ठरलेलं असतं.

सिंह आणि तरस यांचं वैर एकतर्फी नाही. बोट्स्वानातल्या सावुटी भागात झालेल्या अभ्यासात दिसलं की सिंहिणींच्या चौपट तरसं जमली आणि आसपास मोठा नर सिंह नसला, तर तरसं सिंहिणींना शिकारीवरून हुसकावून लावू शकतात. नर सिंह आला की हिशोब फिरतो. तो तरसांना मारतो, आणि मारलेलं तरस बहुधा खातही नाही.

जबडा आणि पोट

तरसाच्या कवटीवर मधोमध उभी कड असते. जबडा मिटणारे स्नायू तिला धरून असतात. पण खरी किमया दातांच्या रचनेत आहे. सुळ्यांच्या मागे शंकूसारख्या जाड दाढा आहेत, त्यांचं काम हाडं फोडायचं. त्यांच्याही मागे पात्यासारख्या दाढा, त्यांचं काम कातडं आणि मांस कापायचं. फोडायचं आणि कापायचं काम असं वाटून दिल्यामुळे पात्यांची धार हाडांवर वाया जात नाही. दातांवरच्या लुकणाचे थर आतून नागमोडी विणलेले असतात, त्यामुळे तडा गेला तरी तो सरळ पसरत नाही. कपाळाची कवटी फुगीर असते आणि तिच्यातल्या पोकळ्या थेट मागपर्यंत जातात. चावताना येणारा जोर त्या घुमटावर पसरतो. जिराफाच्या पायाचं हाडसुद्धा या जबड्यापुढे टिकत नाही.

फोडलेलं हाड मग पोटात जातं आणि पचतं. आतली मज्जा तर पचतेच, हाडातली प्रथिनंही पचतात, उरतो तो चुना. म्हणून तरसाची विष्ठा वाळली की पांढरीफटक दिसते. केस, खुर आणि शिंगांची टरफलं पचत नाहीत. त्यांचा गोळा ते उलटून टाकतं.

या पांढऱ्या विष्ठेने विज्ञानाच्या इतिहासात एक मोठं काम केलं आहे, ते सांगायचा मोह आवरत नाही. १८२१ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात कर्कडेलची गुहा सापडली. आत हत्ती, गेंडे, पाणघोडे अशा प्राण्यांची मोडलेली हाडं होती. नोहाच्या काळातल्या महापुरात ती वाहून आली असावीत, असं त्या काळी कोणीही सहज म्हटलं असतं. विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञांनी जिवंत तरसाला हाडं खायला घातली, उरलेल्या तुकड्यांवरचे दातांचे व्रण गुहेतल्या हाडांशी ताडून पाहिले आणि गुहेतल्या पांढऱ्या गोळ्यांची ओळखही पटवली. ती गुहा तरसांची होती. आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसाचे भाऊबंद एके काळी इंग्लंडमध्ये राहत होते आणि जनावरं ओढून त्या गुहेत आणत होते.

मेलेल्या जनावराभोवती

आता त्या गर्दीकडे येऊ. वीस-तीस तरसांनी एक झेब्रा पाडला, तर तो अर्ध्या-पाऊण तासात दिसेनासा होऊ शकतो. एक तरस एका बैठकीत १४-१५ किलो मांस गिळू शकतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. जो भराभर खाईल त्याचं पोट भरेल. आणि भराभर खायला आधी जागा मिळाली पाहिजे. ही जागा कळपातल्या मानावर ठरते. आपल्याकडच्या पंगतीत पहिल्या फेरीला कोण बसणार हे जसं न बोलता सगळ्यांना ठाऊक असतं, तसं इथेही असतं. फरक इतकाच की इथे दुसरी फेरी होईलच याची खात्री नसते.

या मानाच्या उतरंडीत सर्वांत वर एक मादी असते. तिच्या खाली तिची पिल्लं. मग दुसरी मादी, तिची पिल्लं, मग तिसरी. सर्वांत खाली बाहेरून आलेले नर. कळपातल्या शेवटच्या मादीपुढेही बाहेरून आलेला मोठा नर कान पाडून बाजूला होतो.

मान मिळतो तो आईकडून. पिल्लू आईच्या लगेच खालच्या जागेवर येतं, आणि बहिणींमध्ये धाकटी थोरलीच्या वर जाते, कारण आई सध्या जिला पाजते आहे तिची बाजू घेते. हा मान रक्तातून उतरतो का? सेरेंगेटीतल्या अभ्यासात काही पिल्लांना दुसऱ्याच माद्यांनी वाढवल्याची उदाहरणं आढळली. त्या पिल्लांना मान मिळाला तो वाढवणाऱ्या आईच्या जागेनुसार. म्हणजे मान शिकला जातो. पिल्लू दुसऱ्याच्या अंगावर धावून जातं. समोरचा खालच्या घरचा असला तर आई येऊन पाठीशी उभी राहते, वरच्या घरचा असला तर येत नाही. काही महिन्यांत पिल्लाला कोणापुढे दबायचं आणि कोणाला दबवायचं हे पाठ होतं. कळपातल्या इतरांनाही पाठ होतं, आणि मग आई नसतानाही तो मान चालू राहतो.

मादी नरापेक्षा थोडी मोठी असते म्हणून ती वरचढ ठरते, असं बरीच वर्षं मानलं जाई. वजनातला तो फरक इतका थोडा आहे की हे उत्तर अपुरं वाटायचं. २०१८ मध्ये गोरोंगोरोच्या विवरातल्या आठ कळपांच्या दीर्घ नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने हे कोडं मला तरी पटेल असं सोडवलं. दोन तरसं समोरासमोर आली तर जिंकतं कोण? ज्याला कळपातून जास्त पाठिंबा मिळण्याची शक्यता, ते. अंगाने कोण मोठं, नर की मादी, याने फारसा फरक पडत नाही. माद्या जन्मल्या त्या कळपातच राहतात, त्यांच्याभोवती आई, मावश्या, बहिणी असतात. नर वयात आले की बहुतेक जण दुसऱ्या कळपात जातात आणि तिथे त्यांचं कोणीच नसतं. जो नर आपल्या आईच्याच कळपात थांबला आहे आणि ज्याची आई मानाची आहे, तो खालच्या घरच्या माद्यांवर वरचढ असतो. म्हणजे मादीचं राज्य मादीच्या स्नायूंवर उभं नाही. ते माहेर न सुटण्यावर उभं आहे.

पण आईचा पाठिंबा इतका महत्त्वाचा का ठरावा? इथे जबडा पुन्हा येतो. केनियातल्या मसाई मारामध्ये के होलकॅम्प आणि त्यांचे सहकारी १९८८ पासून तरसांच्या कळपांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवत आले आहेत. त्यांनी पिल्लांच्या कवट्यांची वाढ मोजली. पिल्लाचं दूध साधारण चौदाव्या महिन्याच्या सुमारास सुटतं. हाडं फोडणारी कवटी आणि जबडा पुरा व्हायला मात्र जवळजवळ तीन वर्षं लागतात. इतर शिकारी प्राण्यांत असं मोठं अंतर नसतं. मधल्या काळात पिल्लाला मोठ्यांइतकं भराभर खाता येत नाही. गर्दीत ते मागेच पडणार. मग त्याच्यासाठी जागा कोण धरणार? आई. ती शेजारी उभी राहून इतरांना हटवते आणि पिल्लू सावकाश चघळत राहतं. दूध सुटल्यानंतरच्या काळात ज्यांची आई गेली अशा पिल्लांचं जगण्याचं प्रमाण कमी, असंही याच नोंदींतून दिसलं. होलकॅम्प यांच्या गटाची मांडणी अशी की हाडं फोडणारा जबडा मिळवायची किंमत म्हणजे लांबलेलं बालपण, आणि ते बालपण निभावून नेणाऱ्या आयाच टिकल्या, ज्या कोणापुढेही, अगदी नरापुढेही, हटल्या नाहीत.

मादीचं शरीर

ठिपकेदार तरसाच्या मादीला बाहेरून योनिमार्ग नसतो. तिची शिश्निका (क्लिटोरिस) वाढून नराच्या शिश्नाएवढी झालेली असते आणि तशीच ताठही होते. योनीच्या कडा जुळून अंडकोशासारखी पिशवी दिसते. लघवी, समागम आणि प्रसूती, तिन्ही त्या लांबलेल्या शिश्निकेतूनच होतात. असा पिल्लाला जन्म देणारा दुसरा सस्तन प्राणी माहीत नाही. तरस हे एकाच वेळी नर आणि मादी असतं किंवा दरवर्षी लिंग बदलतं, अशा समजुती यामुळे दूरवर पसरल्या. ॲरिस्टॉटलने हे खोटं आहे असं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, तरी समजूत टिकलीच. आजही रानात अभ्यासकांना लिंग ओळखायला बारकाईने पाहावं लागतं. टोकाचा आकार नरात टोकदार आणि मादीत बोथट असतो, एवढीच खूण.

हे कसं घडतं याचा शोध कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात घेतला गेला. लॉरेन्स फ्रँक आणि स्टीफन ग्लिकमन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात केनियातून पिल्लं आणून तिथे तरसांची वसाहत उभी केली. ती २०१४ पर्यंत चालली. त्यांना दिसलं की गाभण मादीच्या अंडाशयातून एक संप्रेरक मोठ्या प्रमाणात पाझरतं आणि वारेत त्याचं रूपांतर टेस्टोस्टेरॉनमध्ये होतं. ते पिल्लापर्यंत पोहोचतं. एवढ्यावर कोडं सुटलं असं वाटलं असतं. पण गाभण माद्यांना या संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधं दिली, तरी जन्मलेल्या मादी पिल्लांत तो अवयव होताच. आकारात फरक पडला, इतकंच. म्हणजे त्याचा पाया संप्रेरकांच्याही आधी घातला जातो. स्वभावाचं मात्र संप्रेरकांशी नातं आहे. मसाई मारामधल्या अभ्यासात, वरच्या मानाच्या मादीच्या शरीरात गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात ही संप्रेरकं जास्त आढळली आणि तिची पिल्लंही जास्त आक्रमक निघाली. आई मानाबरोबर तो मान चालवायचा स्वभावही देते.

याची किंमत जबरदस्त आहे. पिल्लाचा बाहेर येण्याचा मार्ग लांब आणि वळणाचा, त्या मानाने नाळ आखूड. पहिलटकरणीला तो मार्ग फाटूनच पिल्लू बाहेर काढावं लागतं. बर्कलीतल्या वसाहतीत पहिल्या खेपेची निम्म्याहून जास्त पिल्लं मेलेली जन्मली. रानात यात काही माद्याही दगावतात. पुढच्या खेपा सोप्या जातात, कारण झालेली जखम मार्ग रुंद ठेवते.

दुसऱ्या बाजूला, या रचनेमुळे मादीच्या मर्जीविरुद्ध समागम जवळजवळ अशक्य आहे. तिने स्नायू सैल करून साथ दिली तरच तो होतो. म्हणून नर दादागिरीने काही मिळवत नाही. तो महिनोन्‌महिने मादीच्या मागे अदबीने फिरतो, दोन पावलं पुढे, चार मागे. मादी कोणाला निवडते? गोरोंगोरोतल्या नोंदींनुसार तरुण माद्यांचा कल आपल्या जन्मानंतर कळपात आलेल्या किंवा जन्मलेल्या नरांकडे असतो. तिला बाप ओळखू येत नाही, कारण बाप पिल्लांच्या वाढीत भाग घेत नाही. पण हा साधा नियम पाळला की बाप आपोआप बाजूला पडतो. नर कळप सोडून का जातात, याचंही उत्तर यात आहे: जिथे त्यांना पसंत करणाऱ्या तरुण माद्या जास्त, तिथे ते जातात.

बिळातली पिल्लं

सुमारे ११० दिवसांनी बहुधा दोन पिल्लं जन्मतात. काळीकुळकुळीत, उघड्या डोळ्यांची आणि सुळ्यांसकट. मांसाहारी प्राण्यांची पिल्लं सहसा आंधळी आणि बोळकी असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे यातलं वेगळेपण जाणवेल. जन्मल्यावर काही मिनिटांतच भावंडांची मारामारी सुरू होते. कोण वर, कोण खाली, हे दूध प्यायच्या आधीच ठरायला लागतं. दूध पुरेसं असेल तर दोन्ही जगतात. टंचाई असेल तर वरचढ पिल्लू दुसऱ्याला आचळापाशी येऊ देत नाही आणि दुसरं उपाशी मरतं.

काही आठवड्यांनी आई पिल्लांना कळपाच्या सामाईक बिळावर आणते. बिळाची भोकं इतकी अरुंद असतात की मोठं तरस आत शिरू शकत नाही. आईसुद्धा तोंडाशी उभी राहून हाक मारते आणि पिल्लं बाहेर येतात. एकत्र राहूनही प्रत्येक आई आपल्याच पिल्लांना पाजते. ते दूध भूचर मांसाहारी प्राण्यांच्या दुधांत सर्वांत सकस दुधांपैकी एक: सुमारे १५ टक्के प्रथिनं आणि जवळपास तितकीच चरबी. गाईच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतात.

इतकं सकस दूध का लागतं ते सेरेंगेटीत कळतं. तिथले वाइल्डबीस्टचे लाखोंचे कळप पावसामागे फिरतात. तरसाचं बीळ मात्र एका जागी असतं. मग आई पिल्लांना बिळात ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर शिकारीला जाते आणि काही दिवसांनी परत येते. आली की तासन्‌तास पाजते, आणि पुन्हा जाते. पिल्लं तोवर उपाशी. मॅरियन ईस्ट आणि हेरिबर्ट होफर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे हे बारकाईने पाहिलं आहे. वरच्या मानाच्या मादीला घराजवळ जे थोडं मिळतं त्यावर पहिला हक्क असतो, म्हणून तिला असे दूरचे फेरे कमी घालावे लागतात आणि तिची पिल्लं लवकर बाळसं धरतात. खालच्या मादीचं आयुष्य चालण्यात जातं. मला या प्राण्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या खालच्या मादीसाठी.

आवाज आणि डोकं

त्याचं ते प्रसिद्ध हसणं आनंदाचं नसतं. शिकारीवर गर्दी झालेली असताना ज्याला हुसकावलं जातंय किंवा चावलं जातंय, ते तरस असा खिदळल्यासारखा आवाज काढतं. त्यात भीती आणि तगमग असते. बर्कलीतल्या तरसांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या आवाजाच्या पट्टीवरून वय आणि चढउतारावरून मान कळू शकतो. दूरच्या हाकेसाठी वेगळा आवाज आहे, खालून वर चढत जाणारा लांब हुंकार. तो पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येकाचा ओळखू येण्याइतका वेगळा असतो. केनियात अभ्यासकांनी अनोळखी तरसांचे असे हुंकार लपवलेल्या ध्वनिवर्धकातून ऐकवले: कधी एकाचे, कधी दोघांचे, कधी तिघांचे. ऐकणारी तरसं आपली आणि परक्यांची संख्या ताडून पुढे जायचं की नाही ते ठरवत होती.

जिथे शेकडो नाती लक्षात ठेवायची आणि कोणाशी कधी जमवून घ्यायचं हे पाहायचं, तिथे डोकं तल्लख असणारच. बर्कलीत दोन तरसांपुढे दोन दोऱ्या टांगल्या होत्या. दोन्ही एकाच वेळी ओढल्या तरच खाऊ खाली पडे. न शिकवता त्यांना ते जमलं. मसाई मारामध्ये मांस ठेवलेली कडीबंद लोखंडी पेटी रानातल्या ६२ तरसांपुढे आली, ती ९ जणांना उघडता आली. ज्यांनी सुरुवातीला जास्त तऱ्हेतऱ्हेच्या खटपटी केल्या, त्यांनाच यश आलं.

माणसाशेजारी

इथिओपियातल्या हरार या जुन्या शहराच्या तटाला तरसांना ये-जा करायला भोकं ठेवलेली आहेत. रात्री ती आत येतात, गल्ल्यांतला मांसाचा कचरा खातात आणि पहाटेआधी निघून जातात. त्याच देशातल्या मेकेले शहराभोवतीच्या तरसांवर २०२१ मध्ये एक हिशोब प्रसिद्ध झाला. तिथली तरसं वर्षाला सुमारे २०७ टन मेलेल्या जनावरांचे अवशेष खातात आणि त्यामुळे काळपुळी आणि गुरांच्या क्षयाची लागण माणसांत आणि जनावरांत कमी होते, असा अंदाज त्यात मांडला होता. सडलेलं खाऊनही तरसं सहसा आजारी पडत नाहीत, त्याचा हा फायदा.

बाकी ठिकाणी इतकं सामंजस्य नाही. ठिपकेदार तरसांची एकूण संख्या २७,००० ते ४७,००० असावी असा अंदाज आहे. जागतिक यादीत ते अजून धोक्याबाहेर मानलं जातं, पण राखीव क्षेत्रांबाहेर संख्या घटते आहे. गुरं मारली म्हणून लोक मढ्यात विष घालतात आणि त्यात कळपच्या कळप संपतो. सेरेंगेटीत वाइल्डबीस्टसाठी लावलेल्या तारेच्या फासात लांबच्या फेऱ्यांवर निघालेल्या माद्या अडकतात, आणि मग बिळातल्या पिल्लांना पाजायला कोणी उरत नाही, कारण दुसरी मादी त्यांना जवळ घेईल ही शक्यता फार कमी. सिंह किंवा चित्ता मेला की जितकी हळहळ होते तितकी तरसाच्या वाट्याला येत नाही, ही मला खरोखर अन्यायाची गोष्ट वाटते.

हल्ली महाराष्ट्रातून पुष्कळ लोक मसाई माराला जातात. तिथे मेलेल्या जनावरावर तरसं दिसली, तर सिंह शोधायला गाडी लगेच पुढे काढू नका. थोडा वेळ थांबा. शेपटी उभारून मधोमध खात असलेलं तरस बहुधा मानाच्या घरचं असतं. कान पाडून, शेपूट पायांत घालून कडेने घिरट्या घालणारा बाहेरून आलेला नर असू शकतो. एखादं अर्धवट वाढलेलं पोर निवांत हाड चघळताना दिसलं, तर त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते जरूर पाहा. आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बिळापाशी न्यायला चालकाला सांगा. मोठी तरसं भेटल्यावर एक पाय उचलून एकमेकांना हुंगतात, आणि पहिला पाय सहसा खालच्या मानाचं तरस उचलतं.